उडायला जाताना पाठीवर काय घ्यावे?

गेल्या वर्षी गणपती उठल्यावर मी अमरावतीला बहिणीकडे गेलो, तेव्हा तिच्या बैठकीच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. सतरंजीवर सामान पसरले होते. एक भलीमोठी घडी केलेली कापडी छत्री, दोऱ्यांची गुंडाळी, झोळीसारखे काहीतरी, हेल्मेट, स्टोव्ह, स्वेटर, डबे, बॅटऱ्या, दोन जाड पुस्तके. मधोमध माझा भाचा वही घेऊन बसला होता आणि दारात उभी राहून बहीण म्हणत होती, "एवढं घेऊन उडते का कोणी बाप्पा!"

भाचा पॅराग्लायडिंग करतो. पुण्याजवळ कामशेतला शिकला, नंतर तीन-चार हंगाम हिमाचल प्रदेशात बीड-बिलिंगला जाऊन उडाला. या वेळी त्याचा बेत वेगळा होता. दोन अनुभवी मित्रांबरोबर बिलिंगहून निघायचे, धौलाधारच्या रांगेला धरून दिवसभर उडायचे, संध्याकाळी डोंगरावरच एखाद्या कुरणात उतरायचे, तिथेच झोपायचे आणि सकाळी ऊन तापले की पुन्हा उड्डाण करायचे. असे सात-आठ दिवस. वारा नसेल तर चालायचे. मागे गाडी नाही, मदतनीस नाही. लागेल ते सगळे पाठीवर.

"मामा, तुम्ही सायन्सवाले. सांगा बरं, यातलं काय काढू?" तो म्हणाला. सामान तोलायचा स्प्रिंगचा काटा त्याने दाराच्या कडीला अडकवला होता. सगळे एकत्र बांधून टांगले तर काटा ३०.२ किलो दाखवत होता. त्याला ते २० किलोवर आणायचे होते.

मी स्वतः कधी उडालेलो नाही. पण हा प्रश्न मला आवडला, कारण त्यात शाळेतले निम्मे पदार्थविज्ञान आणि थोडे रसायनशास्त्र आहे. तो दिवस आणि त्यानंतरचे दोन दिवस आम्ही वजन आणि आकडेमोड करण्यात घालवले. त्यातले काही तुमच्या वर्गात उपयोगी पडेल असे वाटते.

आधी हे यंत्र समजून घेऊ. पॅराग्लायडर दिसतो पॅराशूटसारखा, पण तो पंख आहे. कापडाचे दोन थर, मध्ये कप्पे, पुढची कड उघडी. धावताना कप्प्यांत हवा शिरते, पंख फुगतो आणि त्याला विमानाच्या पंखासारखा आकार येतो. जून १९७८ मध्ये फ्रान्समधल्या मिउसी या गावी विमानातून उड्या मारणाऱ्या काही हौशी मंडळींनी चौकोनी पॅराशूट डोंगरउतारावर पसरले आणि धावत जाऊन उडून पाहिले. या खेळाची सुरुवात साधारण तिथून धरतात. आजचा हलका पंख चार-साडेचार किलोचा असतो. तो एक मीटर खाली येताना आठ ते दहा मीटर पुढे जातो. इंजिन नाही, त्यामुळे स्थिर हवेत तो सतत खालीच येत असतो. वर जायचे तर वर जाणारी हवा शोधावी लागते. मे महिन्यात छत्री तलावावर घिरट्या घालणारी घार पंख न हलवता वर चढते, तीच युक्ती.

आता वजनाकडे येऊ. भाच्याच्या पंखावर निर्मात्याने ७५ ते ९५ किलो अशी मर्यादा छापली होती. यात माणूस, कपडे, सामान आणि खुद्द पंख हे सगळे धरायचे. अंगावरच्या कपड्या-बुटांसह भाचा ६९ किलोचा. म्हणजे सगळे सामान घेतले तर ९९ आणि २० किलोच घेतले तर ८९.

माझी पहिली समजूत अशी होती की दहा किलो जास्त घेतले तर तो दगडासारखा खाली येईल. तुमच्या विद्यार्थ्यांचीही हीच समजूत असेल. ती तपासण्यासाठी एक सोपा प्रयोग आहे. पॉलिथिनच्या पिशवीतून सारख्या मापाचे दोन चौकोन कापा, चार कोपऱ्यांना दोरे बांधून दोन छत्र्या करा. एकीला एक नाणे बांधा, दुसरीला तसलीच चार. शाळेच्या पहिल्या मजल्यावरून दोन्ही एकदम सोडा. चार नाण्यांची छत्री चौपट वेगाने पडत नाही, साधारण दुप्पट वेगाने पडते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून वजन चौपट झाले की वेग दुप्पट झाला की पुरते. पंखाचेही असेच आहे. वजन ८९ वरून ९९ किलो झाले, म्हणजे ११ टक्के वाढले, तर वेग वाढतो त्याच्या वर्गमुळाच्या हिशोबाने, जेमतेम साडेपाच टक्के. ताशी ३८ किलोमीटरचे ४० होतात. खाली येण्याचा वेग सेकंदाला १.१० मीटरचा १.१६ होतो. पुढे जाणे आणि खाली येणे दोन्ही सारखेच वाढल्यामुळे उंचीच्या बदल्यात मिळणारे अंतर तेवढेच राहते. उलट समोरून वारा असेल तर जड माणूस जास्त लवकर पुढे सरकतो. म्हणूनच शर्यतीत उतरणारे हलके वैमानिक मुद्दाम पाण्याच्या पिशव्या बरोबर घेतात.

"मग तं काहीच काढायचं काम नाही!" भाचा खूश झाला. मीही जरा चक्रावलो. पण हा हिशोब उडायला लागल्यानंतरचा. उडण्याआधी आणि उतरल्यानंतरही प्रवास असतोच.

इथे हवेच्या घनतेचा मुद्दा येतो. समुद्रसपाटीला प्रमाण हवेचा एक घनमीटर १.२२५ किलो भरतो. ३५०० मीटर उंचीवर तेवढ्याच जागेत ०.८६ किलो हवा असते, म्हणजे सुमारे ७० टक्के. पंखाला तेवढाच आधार मिळवायचा तर वेग १९ टक्क्यांनी वाढवावा लागतो. समुद्रसपाटीला ज्या पंखाला जमीन सोडायला ताशी २४ किलोमीटर लागतात त्याला तिथे साडेअठ्ठावीस लागतात, आणि दहा किलो ओझे जास्त असेल तर तीस. समोरून दहा-बारा किलोमीटरचा वारा असेल तर तेवढा वेग फुकट मिळतो. बाकीचा उतारावर, गवतात, दगडांत, पाठीवर बोचके घेऊन, विरळ हवेत धापा टाकत धावून मिळवायचा. गिधाडालाही हा नियम चुकत नाही. पोटभर मांस खाल्लेल्या गिधाडाला सपाट जमिनीवरून उठता उठत नाही, आणि धोका दिसला तर ते खाल्लेले ओकून हलके होते.

जाता जाता एक गंमत सांगतो. विरळ हवेसाठी डोंगरच लागतो असे नाही. अकोला समुद्रसपाटीपासून सुमारे २८० मीटरवर आहे. मे महिन्यात दुपारी तापमान ४५ अंश असते तेव्हा तिथल्या हवेची घनता काढून पाहा. दाब ९७३ मिलिबार धरला तर उत्तर येते घनमीटरला १.०६५ किलो. प्रमाण वातावरणात ही घनता १४०० मीटर उंचीवर सापडते, म्हणजे साधारण बीड गावाच्या उंचीवर. उन्हाळ्यातले अकोला घनतेच्या हिशोबाने हिमाचलातले गाव असते! अकरावी-बारावीच्या मुलांना वायूचे समीकरण शिकवताना हे उदाहरण जरूर द्या. गारव्याची मात्र अपेक्षा ठेवू नका.

मग डोंगर चढण्याचा हिशोब केला, आणि त्याने मला पुन्हा चकवले. दहा किलो ओझे एक हजार मीटर चढवायला ९८ किलोज्यूल काम होते. आपले स्नायू खाल्लेल्या उर्जेचा साधारण चौथा हिस्सा कामात उतरवतात. म्हणजे ३९२ किलोज्यूल, सुमारे ९४ किलोकॅलरी खर्च. सतरा ग्रॅम शेंगदाणे! एक मूठ दाण्यांत दहा किलो एक किलोमीटर उंच जातात. अन्नाची उर्जा हा अडचणीचा भाग नाही. अडचण आहे ती उर्जा किती वेगाने वापरता येते याची, आणि गुडघ्यांची. ताशी ३०० मीटर चढणारा माणूस तेवढाच दम वापरून ९९ किलो वाहू लागला तर ताशी २७० मीटर चढेल. हजार मीटरला तीन तास वीस मिनिटांऐवजी तीन तास बेचाळीस मिनिटे. उतरताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावर बसणारा धक्का वाढतो तो वेगळाच. भाच्याने ऑगस्टमध्ये परतवाड्याकडून चिखलदऱ्याचा घाट पंचवीस किलो पाठीवर घेऊन चढून पाहिला होता. चढण सोसली, दुसऱ्या दिवशी उतरताना डावा गुडघा बोलू लागला. (चिखलदऱ्यावरूनच का उडत नाही असे मला पुष्कळ जण विचारतात. खाली मेळघाटचे व्याघ्र प्रकल्पाचे जंगल आहे. तिथे कुठेही उतरणे चालणार नाही, आणि चालू नये.)

ओझे काढण्याचे सगळ्यांत मोठे कारण मात्र तिसऱ्याच गोष्टीत सापडले. ती म्हणजे राखीव छत्री. पंख हवेच्या उलट्यासुलट्या झोतात मिटला, दोऱ्या गुंतल्या आणि काही केल्या सुटल्या नाहीत, तर वैमानिक ही दुसरी छत्री फेकतो. वजन सव्वा किलो. भाच्याच्या पहिल्या यादीत तिच्यापुढे प्रश्नचिन्ह होते. "आजपर्यंत एकदाही उघडली नाही मामा. सव्वा किलो म्हणजे दीड दिवसाचं खाणं होते." बहीण स्वयंपाकघरातून हे ऐकत होती. तिला मीटर-सेकंद सांगावे लागले नाहीत. ती बाहेर आली, वहीतले ते प्रश्नचिन्ह तिने स्वतः पेनने खोडले आणि पुन्हा आत गेली.

पण आकडे पाहूच. युरोपीय मानकाप्रमाणे अशी छत्री तिच्या कमाल ओझ्यासह सेकंदाला साडेपाच मीटरपेक्षा वेगाने खाली येता कामा नये. हा वेग दीड मीटर उंच ओट्यावरून उडी मारल्यावर जमिनीला टेकताना येतो तेवढा असतो. हे समुद्रसपाटीचे गणित. ३५०० मीटरवर विरळ हवेमुळे तोच वेग साडेसहा मीटर होतो. म्हणजे २.२ मीटरवरून उडी, तीही खडकावर. मर्यादेपेक्षा ओझे जास्त असेल तर आणखी उंचावरून. वर मी दहा किलोचा फरक उडताना फारसा जाणवत नाही म्हटले, ते सगळे सुरळीत चालले असताना खरे आहे. बिघडल्यावर त्या दहा किलोंची किंमत पायाच्या हाडांनी मोजावी लागते. छत्री राहिली, आणि आम्ही बाकीच्या सामानाकडे वळलो.

पहिला बळी कापसाचा. आम्ही वऱ्हाडी माणसे कापसाच्या राशींवर लोळून मोठी झालेलो. बहिणीने दोन सुती बनियन, एक जाड सुती शर्ट आणि खादीची शाल काढून ठेवली होती. उन्हाळ्यात सुती कपड्याला तोड नाही, आणि तो डोंगरावर का नको याचे कारणही तेच आहे. कापसाचे तंतू सेल्युलोजचे असतात आणि सेल्युलोजला पाणी फार प्रिय. साध्या दमट हवेत शंभर ग्रॅम कोरडा कापूस आठ ग्रॅम पाणी धरून बसतो, पॉलिएस्टर अर्धा ग्रॅमसुद्धा धरत नाही. घामाने भिजलेला सुती बनियन सावकाश वाळतो आणि वाळताना अंगातली उष्णता घेतो. अकोल्यात ती हवीच असते. पण समजा बनियनमध्ये २०० ग्रॅम घाम जिरला आहे. तो वाळायला सुमारे ४८५ किलोज्यूल उष्णता लागेल. स्वस्थ बसलेल्या माणसाचे शरीर साधारण ९० वॉट उष्णता निर्माण करते. म्हणजे दीड तास शरीर जेवढी उष्णता तयार करील तेवढी सगळी एका बनियनला वाळवण्यात गेली. वर ताशी ३८ किलोमीटरचा वारा. हवा उणे पाच असेल तर उघड्या गालाला ती उणे चौदा असल्यासारखी लागते. घाम गाळत डोंगर चढायचा आणि चढून झाल्यावर लगेच चार तास झोळीत हालचाल न करता बसायचे, असा हा विचित्र खेळ असल्यामुळे अंगालगतचा कपडा कोरडा राहणे फार महत्त्वाचे. सुती कपडे गेले, लोकर आणि पॉलिएस्टर आले. लोकरही पाणी शोषते, कापसाच्या दुप्पट शोषते, पण तिचे कुरळे तंतू भिजल्यावरही चिकटून चपटे होत नाहीत. मधली हवा टिकते. ऊब त्या थांबलेल्या हवेची असते, लोकरीची नव्हे. आजीच्या गोधडीत आणि परदेशी स्लीपिंग बॅगेत तत्त्व एकच आहे, फरक फक्त तेवढीच हवा थांबवायला किती वजन लागते याचा. बदकांच्या मऊ पिसांची नऊशे ग्रॅमची स्लीपिंग बॅग जे काम करते त्याला कापसाची दुलई चार-पाच किलोची लागेल. पिसांचा दोष एकच, ती भिजली की गोळा होतात. म्हणून ती जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत, तोंड दोनदा दुमडून.

पिसांवरून एक माणूस आठवतो, ज्याचा महाराष्ट्राशी संबंध फारसा कोणाला ठाऊक नसतो. जॉर्ज इंगल फिंच हे रसायनशास्त्रज्ञ १९२२ च्या ब्रिटिश एव्हरेस्ट मोहिमेत होते. बाकीची मंडळी ट्वीडचे कोट आणि स्वेटर घालून चढत होती. फिंच यांनी हवाई फुग्याच्या कापडात पिसे भरून कोट शिवून घेतला. आधी त्याची थट्टा झाली, थंडी वाढली तशी थट्टा थांबली. पॅराग्लायडरचे कापड आणि पिसांचे जाकीट एकाच पिशवीत बघताना मला तो कोट आठवला. त्याहून मोठा वाद होता ऑक्सिजनचा. नळकांडी आणि उपकरण मिळून चौदा-पंधरा किलो ओझे होई. हे वाहण्यात जेवढी ताकद जाईल तेवढी तरी ऑक्सिजन परत देईल का? आमच्या सतरंजीवरचा हाच प्रश्न. २१ मे १९२२ रोजी मॅलरी आणि त्यांचे सोबती ऑक्सिजनशिवाय सुमारे ८,२२५ मीटरपर्यंत पोहोचले. सहा दिवसांनी फिंच आणि गिर्यारोहणाचा फारसा अनुभव नसलेले जेफ्री ब्रूस ऑक्सिजन घेऊन सुमारे ८,३२० मीटरपर्यंत गेले, आणि चढण्याचा त्यांचा वेगही जास्त होता. ओझ्याने आपले भाडे चुकवले होते. हेच फिंच पुढे १९५२ ते १९५७ पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक होते.

भाच्याला ऑक्सिजन लागणार नव्हता. पाच हजार मीटरच्या वर जायचे नाही असे तिघांनी ठरवले होते. तिथेच हवेचा दाब समुद्रसपाटीच्या ५३ टक्के असतो. फ्रान्सचा आंत्वान गिरार २०१६ मध्ये काराकोरममध्ये ब्रॉड पीक या शिखरावरून ८,१५७ मीटर उंचीवर उडाला, पण तो अपवादातला अपवाद. ढग ओढून नेतो तेव्हा उंची आपल्या हातात राहत नाही हेही लक्षात ठेवायला हवे. १४ फेब्रुवारी २००७ रोजी ऑस्ट्रेलियात मॅनिला येथे एवा विश्नीएर्स्का या वैमानिकेला गडगडाटी ढगाने ९,९४६ मीटरपर्यंत नेले. ती बेशुद्ध झाली, बर्फाने माखली आणि खाली आल्यावर शुद्धीवर येऊन जिवंत उतरली. त्याच ढगात सापडलेला एक चिनी वैमानिक वाचला नाही. यावर पिशवीत घालण्यासारखा उपाय कोणताच नाही, दुपारी वेळेवर खाली उतरणे हाच.

खाण्याच्या बाबतीत वऱ्हाडाने बाजी मारली. भाच्याने आणलेली परदेशी पाकिटे आम्ही बाजूला ठेवली आणि तराजू घेऊन बसलो. दिवसाला साडेतीन हजार किलोकॅलरी धरल्या. भाकरीत जवळजवळ निम्मे पाणी असते, ते वाहून नेण्यात अर्थ नाही. मुरमुरे हलके, पण जागा फार खातात. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत ५६० च्या वर किलोकॅलरी असतात. दाण्याचे लाडू, तीळ, गूळ, खारीक, सातूचे पीठ. दिवसाला आठशे ग्रॅममध्ये बसते आणि शिजवावे लागत नाही. डाळ-तांदूळ नेणे हा शुद्ध तोटा: ३५०० मीटरवर पाणी ८८ अंशांनाच उकळते, डाळ तासन्‌तास शिजत नाही, आणि प्रेशर कुकर पाठीवर घेऊन कोण उडणार? तरीही चहापुरता छोटा स्टोव्ह ठेवला. एक लिटर पाणी उकळायला गॅस पंधरा-वीस ग्रॅमच लागतो. फक्त गॅस कोणता ते पाहावे. निव्वळ ब्युटेन शून्याच्या जरा खाली द्रवच राहतो, नळीत वायू येतच नाही. थंडीसाठी प्रोपेन मिसळलेला घ्यावा लागतो, त्याचा उत्कलनांक उणे ४२ आहे. आणि तो तिकडेच विकत घ्यावा, कारण रेल्वेत ज्वलनशील गॅस नेण्यास बंदी आहे.

शेंगदाणे तोलताना शेजारी दहा हजार मिलिअँपिअर-तासांची पॉवर बँक पडली होती. तिच्यात ३७ वॉट-तास उर्जा आणि वजन २०० ग्रॅम. तेवढ्याच वजनाच्या शेंगदाण्यांत १३०० वॉट-तासांहून जास्त, म्हणजे पस्तीस पट! आजची चांगली लिथियम बॅटरी उर्जेच्या साठ्यात दाण्याच्या पासंगालाही पुरत नाही. विजेवर चालणारी विमाने लांब का जात नाहीत हे मुलांनी विचारले तर हा हिशोब फळ्यावर मांडा. अर्थात दिशादर्शक आणि उंची सांगणारे यंत्र दाण्यांवर चालत नाही, म्हणून बॅटऱ्या दोन घेतल्या. थंडीत त्यांच्यातली रासायनिक क्रिया मंदावते, म्हणून त्या जाकिटाच्या आतल्या खिशात.

संपर्काच्या साधनांबद्दल एक सावधगिरी. परदेशी वैमानिक उपग्रहाद्वारे संदेश पाठवणारी यंत्रे सर्रास बाळगतात. आपल्याकडे दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय ती बाळगता येत नाहीत. म्हणून तिघांनी जुनी पद्धत ठरवली. रोजचा मार्ग आणि उतरायची ठिकाणे बीडमधल्या मित्राकडे लिहून ठेवायची, मोबाईलची रेंज मिळेल तिथून निरोप द्यायचा, दोन दिवस निरोप आला नाही तर त्याने शोध सुरू करायचा. शिवाय प्रत्येकाकडे एक शिट्टी आणि हातावर मावेल एवढा आरसा. स्वच्छ उन्हात आरशाची तिरीप कित्येक किलोमीटरवरून दिसते.

उरले ते सामान कसे भरायचे? पाठीवर चालताना जड वस्तू पाठीला लागून हव्यात. हवेत मात्र हेच सामान बसण्याच्या झोळीत मागे आणि खाली जाते, आणि तिथे वेगळा प्रश्न उभा राहतो. फिरत्या खुर्चीवर एका विद्यार्थ्याला बसवा, दोन्ही हातांत जाड पुस्तके द्या आणि हात पसरून गिरकी द्या. मग हात छातीशी घ्यायला सांगा. वेग एकदम वाढतो. वस्तुमान अक्षापासून दूर असले की फिरवणे जड जाते आणि फिरू लागले की थांबवणेही जड. झोळीच्या शेवटी पाण्याची बाटली ठेवली तर पंख वळला तरी माणूस तितक्या लवकर वळत नाही, आणि दोघांमधल्या दोऱ्यांना पीळ पडतो. म्हणून जड वस्तू मध्यभागी, बुडाखाली, आणि डावी-उजवी समतोल. भाच्याने दाराच्या चौकटीला दोर बांधून झोळी टांगली, त्यात बसला आणि आम्ही दाण्याचे डबे इकडून तिकडे हलवत राहिलो. पाऊण तास लागला. एकदा चौकटीचा खिळा निघून तो बदकन खाली पडला, तेव्हा बहीण खूप हसली.

काढलेल्या वस्तूंची रास चांगलीच झाली. दोन पुस्तके, सुती कपडे, दुसरे बूट, तंबूचा आतला थर, मोठा टॉर्च, स्टीलचा डबा, पाकिटांची पुठ्ठ्याची खोकी. एकट्या खोक्यांचे वजन साडेतीनशे ग्रॅम भरले. स्लीपिंग बॅगेखालची फुगवायची गादी झोळीत पाठीच्या संरक्षणाला वापरायची ठरली, आणि खांद्यावरची पिशवी उलटी केली की तीच झोळी होत होती. शेवटी दोन लिटर पाण्यासह काटा २०.४ वर थांबला. बडनेऱ्याला गाडीत बसवताना ते ओझे मी स्वतः उचलून पाहिले आणि लगेच खाली ठेवले.

दिवाळीच्या आधी तो परत आला. आठ दिवसांपैकी पाच दिवस उडता आले, तीन दिवस चालावे लागले. आल्यावर आम्ही पुन्हा सतरंजी पसरली आणि न वापरलेल्या वस्तू वेगळ्या काढल्या. त्यांचे दोन ढीग केले. पहिल्यात तिसरा मोज्यांचा जोड, निम्मा गॅस आणि सव्वा किलो खाणे. हे पुढच्या वेळी जाणार नाही. दुसऱ्यात प्रथमोपचाराची पेटी, शिट्टी, आरसा आणि न उघडलेली राखीव छत्री. हे पुढच्या वेळीही जाईल. आणि वहीत एक नवी नोंद झाली: सुई आणि मेण लावलेला दोरा, वजन चार ग्रॅम. तिसऱ्या दिवशी झोळीचा पट्टा उसवला, तेव्हा तो एका गद्दी मेंढपाळाकडून मागून आणावा लागला होता.